पाचवा मुक्काम

"कुठलं तिकीट, मावशी?"

"पाचव्या मुक्कामाचं."

आटपाडी-कराड गाडीची कंडक्टर माया बघतच राहिली. "तसा स्टॉप न्हाई."

"न्हाई कसा? चाळीस वर्सं उतरतोय आमी तितं! विटं गेलं की ओढा लागतो, मग लिंब."

साळूबाई अशी काही खुशीत होती की मायाला रागावताही येईना. तिने विट्याच्या पुढचं एक हाफ फाडलं.

दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादून मेंढरांमागे कोकणाची वाट धरायची, हेच साळूबाईचं आयुष्य. गावात प्यायला पाणी नाही, तर राहायचं कशाच्या जिवावर? यंदा मात्र कालवा शिवारात आला. तिच्या नवऱ्याने, धुळाने, घोडा विकला. नात समीक्षा पहिल्यांदाच वर्षभर एका शाळेत बसणार होती. साळूबाई तर कालव्यात गुडघाभर उतरून नाचली. साठीच्या बाईने नाचावं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

एकच राहिलं होतं. कोकणच्या वाटेवरच्या पाचव्या मुक्कामाला, लिंबाखाली, तिची थोरली लेक पुरलेली होती. नऊ महिन्यांची. ताप रात्रीत चढला, मागे विट्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही. दरसाल जाता-येता साळूबाई तिथे एक दगड ठेवायची. आता वाटच बंद झाली, तर पोरीला कळणार कसं? म्हणून ती सांगायला निघाली होती.

विटा मागे पडलं आणि गाडी सुसाट सुटली. साळूबाई घाबरली. ओळखीचं एक झाड दिसेल तर शपथ! पायांना पाठ असलेली वाट डोळ्यांना सापडेना.

"आरं ए ड्रायवर, जरा मेंढराच्या चालीनं चालव की!"

सगळी गाडी हसली. ड्रायव्हर जोतिबा "लेट हुतंय, मावशी" म्हणाला, पण गाडी हळू घेतली. मग माणसंच खिडक्यांतून ओढा शोधू लागली.

"थांब! थांब रं! त्यो बग लिंब!" साळूबाई ओरडली.

गाडी थांबली, साळूबाई उतरली. लिंबाखाली दगडांचा ढीग तसाच होता. साळूबाईने पिशवीतून कालव्याच्या पाण्याची बाटली काढली आणि दगडांवर सावकाश ओतली.

"पानी आलं गं बाय गावाला," ती म्हणाली. "लय उशिरा आलं, पर आलं."

दारात उभ्या मायाचा हात घंटीच्या दोरीवर होता. पाणी जिरेपर्यंत तिने ती ओढली नाही.