काळी पाच

"बाई, आपली जुनी पेटीच बरी," सहदेवनं तिसऱ्यांदा म्हटलं.

"अरे, मंडळानं माझ्या सत्काराला नवी कोरी पेटी आणलीय, आणि तू जुनीचं काय घेऊन बसलायस?" वसुधाबाई पदर सावरत म्हणाल्या. "चल, काळी पाच धर."

सहदेव नव्या पेटीसमोर बसला. घाटकोपरचं ते सभागृह सकाळीच गच्च भरलं होतं. बाईंची साठी! त्यांच्या मुलुंडच्या घरी चालणाऱ्या गाण्याच्या वर्गातल्या आजी-माजी मुली, त्यांच्या आया, सासवा, सगळ्या नटूनथटून आलेल्या. आणि जिच्यातिच्या तोंडी एकच कौतुक, बाईंची पट्टी अजून काळी पाच! पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा जिथं बसतो ती जागा; काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी चावी, चार आणि तीन तिच्या खाली. इतक्या वर बायका गातात त्या ऐन पंचविशीत. बाई स्वतःही चहा ओतता ओतता ऐकवायच्या, "माझी पट्टी नाही हो उतरली!"

उतरली होती. दोन वर्षांपूर्वीच. वरचा सा घेताना आवाज फाटला, आणि त्या दिवशी बाई इतक्या गप्प झाल्या की सहदेवला बघवेना. गिरणी बंद पडून तो घरी बसला होता, तेव्हा याच बाईंनी त्याला वर्गात पेटी वाजवायला ठेवलं होतं. "भजनातला हात आहे तुझा, वाया घालवू नकोस," म्हणाल्या होत्या. मग त्यानं दुरुस्तीच्या नावाखाली वर्गातली पेटी नेली आणि आतल्या सुरांच्या पितळी जिभा घासून आवाज खाली उतरवून आणला. बोट काळी पाचवर, आवाज काळी चारचा! तंबोराही सहदेवच त्या पेटीला जुळवायचा. तबलजी मार्तंडला त्यानं विश्वासात घेतलं. बाई पुन्हा खुलल्या. ऐकणाऱ्या जाणत्यांना कळलं नसेल? कळलं असणारच. पण बोलतो कोण!

नवी पेटी मात्र खरी काळी पाच देणार होती.

"आता काय करूचा रे?" तो मार्तंडच्या कानाशी पुटपुटला.

"वाट लागली यार," मार्तंड तबल्याचा सूर वर चढवत म्हणाला. "वाजव आता. बाई बघतायत."

बाईंनी सुरुवात केली. खालचे सूर कसेबसे निभावले. मग त्या वरच्या 'सा'कडे निघाल्या आणि आवाज चरचरत फाटला. सहदेवनं मान खाली घातली. तेवढ्यात सभागृहात टाळ्या कडाडल्या! "वा! वा! काय ती पट्टी!"

बाईंनी हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"वा कशाला म्हणता? आवाज फाटला माझा. ऐकू नाही आला तुम्हाला?"

"छे हो बाई, काहीतरीच!" मंडळाच्या अध्यक्ष मृणालिनीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "झकास लागला!"

बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "सहदेव, घरी कसा लागतो रे मग?"

पेटी नवी आहे, हवा बदललीय, घसा बसलाय... सगळ्या सबबी त्याच्या जिभेवर होत्या. पण बाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घरची पेटी उतरवलीय बाई. मीच. दोन वर्षं झाली."

माइक समोरच होता. अख्ख्या सभागृहानं ऐकलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं, सहदेवला वाटलं. आपली नोकरी गेली आणि बाईंची अब्रूही आपणच घालवली, तीही त्यांच्या साठीच्या दिवशी, भर सभेत.

"माझा सा आता कुठं आहे?" बाईंनी डोळे उघडून विचारलं. "मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"चारवर पण ओढाताण होते बाई." त्याचं बोट आपोआप खाली सरकलं. "तीन."

बाईंनी माइक जवळ ओढला. मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "मंडळी, आजपासून माझी पट्टी काळी तीन. दे रे."

इतका खाली तबला उतरणार नव्हता. मार्तंडनं तो बाजूला सारला. सहदेवनं तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या, पेटीवर काळी तीन धरली. बाईंनी सा लावला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. अरे देवा! हा आवाज होता कुठं? भरदार, संथ, कुठंही जोर नाही. पंख्यासारखे हलणारे हातातले कार्यक्रमाचे कागद थांबले. मृणालिनीबाईंचं तोंड उघडंच राहिलं. कुणी वा म्हणेना. म्हणायची हिंमतच कुणाला होईना.

बाई पायरी पायरीनं वर गेल्या आणि वरच्या 'सा'वर स्वच्छ उभ्या राहिल्या. मग थांबल्या. लोकांकडे नाही, सहदेवकडे वळल्या.

"बरोबर लागला?"

इतक्या वर्षांत बाईंनी त्याला असं कधी विचारलं नव्हतं.  त्यानं मान डोलावली, आणि बाई पुढं गाऊ लागल्या.