गोठ्याच्या मेढींना लावायचं ऑइल

येडगावच्या गोरखला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक, आपण आपली गाडी स्वतः सांभाळतो; आणि दुसरी, आपण माणसामाणसांत भेद करत नाही. मोटारसायकल लग्नाच्या वर्षी घेतलेली, आता पार खिळखिळी झालेली, पण ऑइल बदलण्यापासून चेन आवळण्यापर्यंत सगळं तो घरीच करायचा. आणि भेदाचं म्हणाल, तर बौद्धवस्तीतला सोमनाथ त्याचा पहिलीपासूनचा मित्र. त्याच्याकडे जेवायचा, त्याला घरी जेवू घालायचा. वर हे चारचौघांत सांगायचाही. हे सांगावं का लागतं, असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

त्या सोमवारी सोमनाथने गाडी मागून नेली. त्याच्या आईचं, आक्काबाईचं, नारायणगावात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी तो गाडी पुसूनबिसून दारात लावून गेला. सकाळी गोरख बघतो तर इंजिनाखाली फरशीवर तळहाताएवढा काळा डाग. खालच्या बोल्टाला बोट लावलं, तर बोट ऑइलने भरलं. त्याचं डोकंच फिरलं.

त्याच तिरीमिरीत तो डेअरीवर दूध घालायला गेला. रांगेतल्या भागूने सहज विचारलं, तोंड का उतरलंय म्हणून. एवढं निमित्त गोरखला पुरलं.

"सोमनाथला गाडी दिली, तर इंजिन आपटून आणलं राव. ह्या लोकांना वस्तू द्यायचीच कशाला? ह्यांना काय त्याची किंमत?"

दोघंतिघं हसले. ह्या लोकांना म्हणजे कुणाला, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं आणि गोरखलाही कळलं होतं. आपण हे काय बोललो, असं क्षणभर वाटलं त्याला. पण तेवढ्यात त्याचा नंबर आला, दूध मापात गेलं, आणि ते वाटणं तिथेच राहिलं.

पुढे आठवडाभर सोमनाथ वाटेत भेटला की नुसती मान हलवायचा, थांबायचा नाही. आईला डोळा दाखवायला परत न्यायचं होतं, तेव्हा त्याने गाडी मागितली नाही. डोळ्यावर हिरवं फडकं बांधलेली म्हातारी लेकाचा हात धरून जीप पकडायला फाट्यापर्यंत चालत गेली. गोरख टोमॅटोच्या वावरातून बघत होता. गाडी दारात उभी होती. तरी त्याने हाक मारली नाही. उलट मनात म्हणाला, बरंय, केल्याची लाज तरी वाटतेय गड्याला.

रविवारी त्याने गोठ्याच्या मेढी रंगवायला काढल्या. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून गाडीचं काढलेलं जळकं ऑइल फासायचं, ही तिकडे घरोघरची रीत. गोरखही कधी ते ऑइल फेकत नसे. कापलेल्या डब्यात धरून ठेवायचा. डब्यात ब्रश घातला तर तळाशी काहीतरी खुळखुळलं. हात घालून काढलं, फडक्याला पुसलं. तांब्याचा वॉशर होता तो, इंजिनाच्या खालच्या बोल्टाचा.

गोरख डब्यापाशी उकिडवा बसून राहिला. सोमनाथने गाडी नेली त्याच्या आदल्याच दिवशी त्याने ऑइल बदललं होतं. बोल्ट काढताना वॉशर ऑइलबरोबर डब्यात पडला आणि आपण बोल्ट तसाच आवळला, म्हणून तिथून ऑइल गळलं, हे त्याच्या लख्ख ध्यानात आलं. त्याने वॉशर बसवून इंजिनाखाली कागद अंथरला, गाडी तासभर चालू-बंद करून पाहिली. कागदावर टिपूसभर डाग नाही. त्याची बायको इंद्रायणी कागदाकडे बघत म्हणाली, "मंग सोमनाथभावजींनी काय केलंच नव्हतं की."  मेल्याहून मेल्यासारखं झालं गोरखला.

संध्याकाळी तो बौद्धवस्तीत गेला. सोमनाथ अंगणात कांद्याच्या गोण्या शिवत बसला होता. गोरखने उभ्यानेच डबा, वॉशर, मेढी, सगळं सांगून टाकलं. सोमनाथचा दाभण चालूच होता. त्याला हे आधीच कळलं होतं, असं तो म्हणाला. पेट्रोल पंपावर गाडी उभी केली तेव्हाच खाली थेंब दिसले होते. त्याने बोल्ट चाचपला, वर थोडं ऑइल ओतलं आणि गाडी जपून आणली.

"मग बोलला का न्हाईस?"

"सकाळी येऊन सांगनार व्हतो. पण आधी डेअरीवर आलो. भिंतीमागं सायकलवरनं कॅन सोडत व्हतो, तवा तू बोलत व्हतास."

गोरखला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. कसाबसा म्हणाला, उद्या डेअरीवर सगळ्यांच्या देखत माझी चूक सांगतो.

"सांग की. वॉशर इसरलो म्हनून सांगशील." सोमनाथने पहिल्यांदाच वर बघितलं. "पन इंजिन मी आपटलंच आस्तं, तर तुझं बोलनं बरोबर ठरलं आस्तं का?"

 आपण आठवडाभर बोल्टाकडे बघत होतो, आणि आताही माफी मागायला आलो ती बोल्टाचीच, हे गोरखला आत्ता कळत होतं. 

आवाज ऐकून आक्काबाई भिंत धरत बाहेर आली. एका डोळ्याने बघत, चाचपडत तिने गोरखच्या खांद्यावर हात ठेवला. "गोरख हाय व्हय? त्या दिशी तुझ्या गाडीनं लई सोय झाली बघ माझी. बस, च्या टाकते." नको म्हणायच्या आत ती वळलीदेखील.

ती आत गेल्यावर सोमनाथने आवाज खाली आणला. "तिला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. सांगू नको. ती तुला अजून घरचाच समजती."

चहा आला. आक्काबाई समोर बसून पोराबाळांची चौकशी करत राहिली, आणि गोरखला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.