विचार झाला का?

फिनलंडची एक पोरगी सहा आठवडे ऑफिसचं काम शिकायला येणार आणि ती माझ्या गळ्यात पडणार, हे कुराहाशी साहेबांनी मला चहा घेता घेता सांगितलं. "होरिउची-सान, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार तिला?" साहेब गोड बोलले की समजावं, काहीतरी मागे लागलं. या जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात मला नऊ वर्षं झाली. नावाला अर्धवेळ, कामाला दिवसभर. दर मार्चला मी पक्क्या नोकरीचं विचारते आणि दर मार्चला साहेब मान तिरकी करतात, दातांतून हवा ओढतात आणि म्हणतात, "हं... विचार करू." या वेळी मात्र पुढे म्हणाले, "मुलीचं नीट पार पडू दे. एक जागा निघतेय."

म्हणजे माझी नोकरी त्या पोरीच्या वागण्यावर टांगलेली. तिचं नाव हेल्मी. वय एकवीस. विद्यापीठात जपानी शिकतेय, व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं, पण व्यवहारज्ञानाच्या नावाने शंख.

पहिल्या दिवशी तिला फोन घ्यायला शिकवलं. "बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या साहेबांना साहेब म्हणायचं नाही. आपल्याच माणसाचा कसला मोठेपणा सांगायचा? नुसतं म्हणायचं, कुराहाशी बाहेर गेलाय." तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. दुपारी साहेब दारातून आत येतात तोच ही जागेवरून ओरडली, "कुराहाशी, तुझा फोन!"

अख्खं ऑफिस खाली मान घालून कागद चाळायला लागलं.

"अगं, त्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं तसं!"

"मग पाठीमागे म्हणायचं?"

"हो! म्हणजे नाही! बाहेरच्यांशी बोलताना!"

"पण साहेब आत्ता बाहेरूनच आले ना?"

कप्पाळ माझं! पुढच्या शनिवारी क्योतोला फिरून आली आणि सोमवारी हात हलवत कामावर हजर. फिरून आलं की ऑफिसात सगळ्यांसाठी खाऊ आणायचा, ही आमची रीत. खाऊ कुठाय, विचारलं तर म्हणते, "खाल्ला. छान होता." शेवटी मीच स्टेशनवरून मिठाईचा खोका आणला आणि तिच्या नावाने टेबलाटेबलावर वाटला.

तिसऱ्या आठवड्यात मीटिंगमध्ये ती उठून उभी राहिली. आपल्या डब्याचं झाकण फार घट्ट बसतं, म्हाताऱ्यांना उघडत नाही, कडेला एक खाच ठेवावी, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं, माझ्या आईलाही उघडत नाही. साहेबांनी मान तिरकी केली, हवा ओढली. "हं... विचार करू."

"कधीपर्यंत?" हेल्मी खूश होऊन म्हणाली.

"लवकरच," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ही त्यांच्या टेबलासमोर हजर. "विचार झाला का?" त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी साहेब मागच्या जिन्याने आले. मी तिचं मनगट धरून तिला चहाच्या खोलीत नेलं.

"अगं बाई, विचार करू म्हणजे नाही!"

"मग नाही का म्हणत नाहीत?"

"समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून."

"मला चार दिवस वाईट वाटतंय. तुम्हाला कुणी असं म्हटलं तर तुम्ही काय करता?"

"वाट बघते."

"किती?"

"नऊ वर्षं." माझ्या तोंडून गेलंच.

"पण तुम्हाला तर अर्थ माहीत आहे."

मला असा राग आला! "जास्त शहाणपणा नको. कप पूस आधी!"

त्यानंतर मात्र पोरगी सुधारली. वाकून नमस्कार करायला लागली, खाऊ आणायला लागली, साहेबांना साहेब म्हणायला लागली. शेवटच्या शुक्रवारी सगळे तिच्याभोवती जमले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. साहेब भलतेच खुशीत. "हेल्मी-सान, शिक्षण संपलं की इथेच या. एक जागा निघतेय ना, पक्की. तुमच्यासाठी राखून ठेवतो."

माझी जागा! जिला वाकायला मी शिकवलं, तिला! तळपायाची आग मस्तकात गेली.

हेल्मीने माझ्याकडे पाहिलं. मग मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि दातांतून हवा ओढली, चांगली लांबलचक.

"हं... विचार करते."

साहेबांचं हसू जागच्या जागी वाळलं. कुणालाच अर्थ सांगावा लागला नाही.

मी ट्रे त्यांच्या कागदांवरच ठेवला. "साहेब, मग ती जागा मला द्या."

मान तिरकी व्हायला लागली. "हं... विचार—"

"कधीपर्यंत?" मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. हेल्मीने वही उघडली.

"सो... सोमवारपर्यंत," साहेब म्हणाले.

सोमवारी हेल्मी विमानात होती. मागच्या जिन्याचं दार मी आतून लावून घेतलं आणि साडेआठला साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. "विचार झाला का?"

त्यांनी टाचण्यांची डबी उघडली, मिटली. मग मान वर करून सरळ म्हणाले, "नाही जमणार, होरिउची-सान. वरच्यांना तरुण माणूस हवाय."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून नाही ऐकलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलंही थोडं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि खांद्याला पिशवी लावली. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सवयीने उचलला. साहेबांसाठी होता.

मी आता बाहेरचीच की.

"कुराहाशी," मी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडले, "तुझा फोन!"