सर्व्हर कुठल्या पेठेचा?

मेहमुदा बागवान यांचं समाजमाध्यमावरचं फुटबॉलचं पान बंद पडलं, त्या दिवशी सकाळपासून फोनवर एकच प्रश्न येत होता. "बाई, कालच्या मॅचचं का लिवलं न्हाई?"

बाईंनी लिहिलं होतं. लिहिलं होतं म्हणूनच तर पान गेलं होतं.

उभी हयात शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी हे पान काढलं होतं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. जो तो आपल्या तालमीच्या संघाचं लिहिणार. बाई तेवढ्या सगळ्यांचं लिहायच्या, आणि कुणाची भीड ठेवायच्या नाहीत. त्यामुळे सगळ्या पेठांतले लोक त्यांना शिव्या घालायचे आणि सगळ्या पेठांतले लोक त्यांना वाचायचे.

आदल्या दिवशी जयध्वज तालीम जिंकली होती. समोरच्या संघात इमॅन्युएल नावाचा नायजेरियाचा पोरगा खेळत होता. बॉल त्याच्या पायाशी आला, की जयध्वजच्या गॅलरीतून माकडाचे आवाज निघत होते. बाईंनी घरी येऊन लिहिलं, "जयध्वज जिंकली, तिची गॅलरी हरली. असले आवाज काढून मिळालेला कप तालमीत ठेवताना लाज वाटली पाहिजे."

जयध्वजच्या समर्थकांनी ठरवून, शेकड्यांनी तक्रारी ठोकल्या. कंपनीच्या यंत्राने पान उचलून फेकून दिलं. बाईंनी दाद मागितली, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं, की नियमभंग झाला आहे. कुठला नियम, ते सांगायला पलीकडे माणूसच नव्हता.

दुपारी सम्राट घरी आला. जयध्वजच्या समर्थकांचा म्होरक्या, आणि बाईंचाच जुना विद्यार्थी.

"बाई, तेवढ्या दोन ओळींची माफी मागा. मग आमच्या पानावर लिवा की. लई लोक हायत आमच्याकडं."

"माफी इमॅन्युएलची मागायची, का तुझी?"

सम्राट हसला. "मग कुठं लिवणार? भितीवर?"

"जागा मिळंल तिथं. चहा घेणार हाईस?"

सम्राटने चहा घेतला आणि हसतच गेला. बाईंना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

प्रियदर्शनी एके काळी बाईंच्या शाळेच्या मुलींच्या संघाची गोलकीपर होती. आता राजारामपुरीत घरी बसून सॉफ्टवेअरची नोकरी करायची. तिला कळल्यावर ती लॅपटॉप घेऊनच आली.

"बाई, एक वेगळं नेटवर्क आहे. त्याला मालकच नाही. छोटे छोटे हजारो सर्व्हर आहेत, प्रत्येक चालवणारा वेगळा. पण इथला माणूस तिथल्याचं वाचू शकतो, बोलू शकतो. तुम्हाला सगळीकडून हाकलून देईल असा कुणी एकटा त्यात नाही."

हे बाईंना फार आवडलं. त्यांनी चष्मा लावला. पहिल्याच पानावर विचारलं होतं, सर्व्हर निवडा. खाली भलीमोठी यादी. कुठला चित्रकारांचा, कुठला जर्मन लोकांचा, कुठला सायकलवाल्यांचा.

"ह्यातला मी कुठला घ्यायचा?"

"कुठलाही चालतो, बाई."

"कुठलाही चालतो, तर विचारतंय कशाला?"

प्रियदर्शनीने यादी वरखाली सरकवली. मग तिनेच एक निवडून दिला. तिथे विचारलं होतं, तुम्हाला का यायचं आहे? बाईंनी शुद्ध मराठीत लिहिलं, की मला कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल खरं लिहायचं आहे. बरेच दिवस वाट बघितल्यावर नकार आला. चालवणाऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं. बाईंनी पुन्हा मराठीतच लिहिलं, "तुम्हाला कळलं नाही, हा माझा दोष नाही." त्याचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्या एका सर्व्हरने घेतलं तेव्हा बाईंनी ओळखीच्या सगळ्यांना निरोप धाडले. या रे, मी इथं आहे.

आणि फोन सुरू झाले. बाईंचा पत्ता दोन तुकड्यांचा होता. अर्धा नावाचा, अर्धा सर्व्हरचा. लोक अर्धाच टाकायचे आणि भलत्याच बाईच्या दारात जायचे. लिंक पाठवली तर ती बाईंच्या सर्व्हरवर उघडायची आणि तिथे यांचा पासवर्ड लागायचा नाही, कारण यांचं खातं तिसरीकडेच होतं. कागलचा विजयसिंह दूध डेअरीवाला होता, बाईंचा पहिल्या दिवसापासूनचा वाचक. तो जिद्दीने आत घुसला आणि तिथून त्याने फोन केला.

"बाई, मी आलोय. पण तुमी कुठं हाय? हितं एक जर्मन पावणं झाडांचं फोटू टाकाय लागलंय. दुसरं चिटपाखरू न्हाई."

विजयसिंह दोन दिवस जर्मन झाडं बघत बसला आणि मग त्याने नाद सोडला.

"लोकांना थोडं शिकावं लागेल, बाई," प्रियदर्शनी म्हणाली. "स्वातंत्र्य पाहिजे, तर एवढी तसदी घ्यायला नको?"

बाईंचा आवाज चढला. शाळेच्या मैदानावर या टोकाहून त्या टोकाला जायचा, तोच आवाज. "त्या विजयसिंहाला ऑफसाइड समजतो, अख्खी डेअरी चालवतो तो. त्याला शिकायचा कंटाळा हाय असं मला सांगू नकोस. तुमचं दारच असं हाय, की तुमच्यासारखा असंल त्यालाच कडी सापडावी. मालक न्हाई म्हणता, पण राखणदार हाय की!"

"मी नाही बांधलं ते दार," प्रियदर्शनी चिडून म्हणाली.

"मग बांध. आपलं बांध."

प्रियदर्शनी तणतणत गेली. बाईंना वाटलं, ही पण गेली. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा दारात उभी होती. तिने कोल्हापूरच्या फुटबॉलचा स्वतंत्र सर्व्हर उभा केला होता. सगळं मराठीत. यादी नाही, का यायचंय हा प्रश्न नाही. एकच लिंक. ती दाबायची, नाव, मेल आणि पासवर्ड टाकायचा, की समोर थेट बाईंचं लिखाण.

"मेलची अडचण मात्र मला काढता येत नाही, बाई. पडताळणीचं पत्र मेलवरच जातं. आणि निम्म्या लोकांना स्वतःचा मेल माहीत नसतो. मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलेला असतो."

"ते मी बघते," बाई म्हणाल्या.

पुढच्या सामन्याला स्टेडियमच्या फाटकाबाहेर, भेळेच्या गाड्याशेजारी, बाई टेबल-खुर्ची टाकून बसल्या. येईल त्याचा फोन घ्यायचा, मेल हुडकायचा, खातं उघडून द्यायचं. जयध्वजची पोरं ओरडली, "बाई, मतदार यादी हाय काय?" बाईंनी मान वर केली नाही. एका म्हाताऱ्याने फोन पुढे करण्याआधी संशयाने विचारलं, "ह्यो सर्व्हर कुठल्या पेठेचा?"

"सगळ्या पेठांचा. बसा."

काही जण पासवर्ड आठवता आठवता वैतागून उठले. बरेच जण म्हणाले, "बाई, जुनं पान चालू झालं की सांगा, तवा वाचतो." हे बाईंना लागलं. शिव्यांपेक्षा जास्त लागलं. पण विजयसिंह कागलहून मुद्दाम आला होता. त्याने खातं उघडलं आणि मग बाईंच्या बाजूला उभं राहून तो दुसऱ्यांची उघडायला लागला. शिट्टी वाजली तेव्हा गॅलरीचा एखादा कोपरा भरेल एवढी माणसं आत आली होती. पूर्वीच्या वाचकांपुढे ती मूठभरच.

त्या संध्याकाळी बाईंनी सर्वांत आधी त्याच दोन ओळी टाकल्या. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग सामन्याचं लिहिलं.

तक्रारी पुन्हा आल्या. पण या वेळी त्या यंत्राकडे गेल्या नाहीत. त्या पोहोचल्या प्रियदर्शनीकडे. तिने आपल्या पोरांना झोपवलं आणि सगळ्या तक्रारी वाचून काढल्या. सगळ्यांचा मजकूर एकच होता. तिने बाईंना फोन केला. "कुठलाही नियम मोडलेला नाही, बाई. लिहीत राहा."

चौथ्या दिवशी सम्राट आला. या वेळी हसत नव्हता.

"बाई, तुमच्या त्या लिवण्याला मला उत्तर द्यायचंय. पर ती लिंक चालंना झालीया."

बाईंनी त्याचा फोन घेतला. पडताळणीचं पत्र नको त्या कप्प्यात जाऊन पडलं होतं. ते हुडकून त्यांनी खातं सुरू करून दिलं.

"खेळावर काय बी बोल. मला पण बोल. पण माणसाच्या रंगावर, जातीवर, धर्मावर बोललास, तर प्रियदर्शनी बाहेर काढील. त्याला शंभर तक्रारी लागत न्हाईत, एक पुरते."

सम्राटने तिथेच बसून लांबलचक लिहिलं. आवाज काढणारी ठरावीक टाळकी होती, बाईंनी अख्ख्या गॅलरीचं नाव घातलं, हे बरोबर न्हाई. बाईंनी ते वाचलं. मुद्दा खरा होता, आणि खरा आहे हे त्यांना आवडलं नाही. तरी त्यांनी खाली जाहीर लिहिलं, "सम्राटचं म्हणणं मान्य. ओरडणारे थोडे होते. बाकीचे गप्प बसले होते. त्यात सम्राटही होता."

सम्राटने खातं बंद केलं नाही, आणि पुढच्या सामन्यात ती टाळकी ओरडायला लागली तेव्हा त्याच्याच आवाजातली एक सणसणीत शिवी त्यांच्या दिशेने गेलेली बाईंनी ऐकली. ती त्यांनी लिहिली नाही.

जुनं पान कधीच परत आलं नाही. नव्या जागेतली गर्दी हळूहळू वाढते, कधी घटतेही. विजयसिंह रोज काही ना काही अडल्याचं कळवतो. प्रियदर्शनी त्या अडचणी, ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशातल्या मंडळींना लिहून पाठवते. एक त्यांनी मान्य केली. बाकीच्यांवर उत्तर आलं, की लोकांना हळूहळू सवय होईल.

"काय लिहू त्यांना?" प्रियदर्शनीने विचारलं.

बाई बुटांच्या नाड्या बांधत होत्या. सामन्याला उशीर झाला होता.

"लिही, की आमी दारात उभं हाय. सवय तुमाला होईल."