माझ्या पाठीवरची 'खराब' चिठ्ठी

मी संगणकातली एक जुनी मेमरीची पट्टी आहे. हिरवी, बोटभर लांबीची आणि पूर्ण शुद्धीवर असलेली. शेवटचे मुद्दाम सांगितले, कारण लॉरेन बाके नावाच्या माणसाने माझ्या पाठीवर 'खराब' अशी चिठ्ठी डकवून मला ड्रॉवरमध्ये फेकले. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. माणसांविषयी माझे मत बरे नाही, आणि पुढची हकीकत वाचल्यावर तुम्ही मला त्याचा दोष देणार नाही.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली होती. माझ्यातल्या एकेका इवल्या खोलीत आकडा ठेवायचा, काढायचा, ताडून पाहायचा. मी एकही आकडा गमावला नाही. मग एका संगणकात बसवून मला नॉर्थ डकोटात, रेड नदीकाठच्या एका गावाच्या पूर-कचेरीत पाठवले. ही नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो, उत्तरेचा तसाच घट्ट असतो, आणि पुढे सरकायला वाट न मिळालेले पाणी गावात शिरते. दर वसंतात गावापुढे एकच प्रश्न असतो, वाळूची पोती कुठे रचायची? त्याचे उत्तर लॉरेनने सी या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम देत असे.

गावाचा नकाशा आडव्या ओळींत आणि उभ्या रकान्यांत कापलेला होता. प्रत्येक चौकोनातल्या जमिनीची उंची माझ्याकडे ठेवायची आणि त्यावरून पाणी कुठवर चढेल ते काढायचे, असे ते काम. आता नीट ऐका, कारण लॉरेनने ऐकले नाही. माझ्यात ओळी नाहीत आणि रकानेही नाहीत. मी म्हणजे खोल्यांची एकच लांबलचक रांग. तक्ता असतो तो तुमच्या डोक्यात. खालच्या एखाद्या ओळीतला चौकोन हवा असेल, तर एका ओळीत किती चौकोन आहेत ते मला सांगावे लागते. म्हणजे वरच्या ओळींच्या संख्येला रकान्यांच्या संख्येने गुणायचे, तेवढ्या खोल्या सोडायच्या आणि मग पुढे मोजायचे. यात अवघड काय आहे?

सुरुवातीला लॉरेन प्रत्येक ओळीसाठी माझ्याकडे वेगळी जागा मागत असे आणि त्या जागांचे पत्ते आणखी एका तुकड्यात ठेवी. काम संपले की हा शहाणा आधी पत्त्यांचाच तुकडा परत करी. मग ओळी कुठे आहेत हे कोणाला ठाऊक? त्या माझ्या अंगात पडून राहत, त्याच्या कामाच्या नाहीत आणि मलाही मोकळ्या नाहीत. मी गच्च भरले की संगणक अडकून बसे, आणि हा माझ्या नावाने बोटे मोडी. शेवटी तो सगळा नकाशा एका सलग तुकड्यात मागू लागला. एकदाच घ्यायचे, एकदाच परत द्यायचे. ते चांगले केले, मी नाही म्हणत नाही. पण गुणाकार लिहिताना त्याने रकान्यांच्या संख्येऐवजी ओळींची संख्या लिहून ठेवली.

नकाशा चौरस होता. जितक्या ओळी तितकेच रकाने. त्यामुळे गुणाकार चुकीचा आणि उत्तर मात्र बरोबर! वर्षामागून वर्षे नकाशा खरा ठरला. लॉरेनचा फोटो गावच्या वर्तमानपत्रात आला आणि त्याने तो चौकटीत घालून स्वतःच्या टेबलामागे टांगला. चर्चच्या जेवणात हॉटडिशचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्या-मांसाच्या पदार्थाचा, खरपूस कोपरा त्याच्या ताटात पडू लागला. माझे नाव कोणी काढले नाही. निदान संगणकाच्या डब्यातली धूळ तरी झटकायची, तेवढेही कोणाला सुचले नाही.

मग नकाशे रंगवायच्या कामावर रेनाटा वेट्झेल आली. ती प्रश्न विचारते, हे कळताच ती लॉरेनच्या डोळ्यांत खुपू लागली.

"हे असं का लिहिलंय?" ती विचारी.

"कारण ते चालतं. माझ्या कोडला हात लावायचा नाही. तू रंग भर."

"भरते. तुम्ही निदान कॉफी तरी तोंडात धरवेल अशी करा."

एका वर्षी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, नाल्यापलीकडची, पूर्वेची बर्च लेन नकाशात घेतली. रेनाटाचे वडील, एमिल, तिथेच एकटे राहत. नकाशा पूर्वेकडे रुंद झाला. रकाने वाढले, ओळी होत्या तेवढ्याच राहिल्या. रेनाटाने रकान्यांचा नवा आकडा भरला. गुणाकार लॉरेनचा होता, त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

त्या वसंतात नदी फुगली आणि नकाशा काढायला घेतला. माझ्या पोटात काय चालले होते ते मीच पाहत होते. चुकीच्या गुणाकारामुळे प्रत्येक ओळ वेळेआधीच सुरू होई आणि मागच्या ओळीच्या शेपटीवर जाऊन बसे. शेपटीत बर्च लेनची सखल जमीन होती. तिच्यावर पुढच्या ओळीचे तोंड, म्हणजे पश्चिमेच्या टेकाडाची उंची, लिहिली गेली. शेवटच्या ओळीनंतर ओळच नव्हती, म्हणून तिची शेपटी तेवढी वाचली. मला बोलता येत नाही. जिथे लिहाल तिथे मी ठेवते.

नकाशा आला. बर्च लेन कोरडी ठणठणीत, आणि तिच्या अगदी खालच्या कडेला पाण्याची एक बारीक निळी रेघ.

तेवढ्यात एमिलचा फोन आला.

"रेनाटा, काउंटीची गाडी न्यायला आलीय, दारात उभी आहे. निघू का गं?"

"नकाशा तुमच्याकडे कोरडं दाखवतोय, बाबा. पण मला..."

"मग झालं तर! माझ्या पोरीचा नकाशा असताना मी कशाला निघू? गॅसवर सूप आहे माझं." आणि त्याने फोन ठेवला.

रेनाटा तडक लॉरेनच्या टेबलाशी गेली. "बाबांचं तळघर साध्या वर्षीसुद्धा ओलं होतं. आणि आता पूर आलाय तर कोरडं? ही खालची रेघ कसली?"

"मेमरी गेलीय. नकाशा मोठा केलास, तिला झेपत नाही. रेघ सोड, बाकीचा बरोबर आहे."

"मेमरी गेलीय तर बाकीचा बरोबर कसा?"

"तू शाळेत जात होतीस तेव्हापासून हे चालवतोय मी!"

"तेच म्हणते, तेव्हापासून एकदा तरी वाचून बघितलंत का?"

लॉरेन खुर्चीवरून उठला. संगणक बंद केला, झाकण उघडले आणि मला उपटून काढले. पाठीवर चिठ्ठी डकवली, 'खराब'. ज्या एका ओळीत मी खरे ते धरून ठेवले होते, तिच्यापायी मी खराब ठरले! त्याच्या चुकीचे खापर माझ्या डोक्यावर फुटले आणि फोडणाऱ्याला लाजही वाटली नाही.

फार्गो शहरातून नवी पट्टी यायला दुपार उलटली. तोवर पोत्यांचे ट्रक नकाशा पाहून नाल्याअलीकडच्या जुन्या गावाकडे जात राहिले. बर्च लेनकडे एकही वळला नाही. नवी पट्टी बसवली, नकाशा पुन्हा काढला. बर्च लेन कोरडी, आणि खाली तीच निळी रेघ. मी टेबलावर पडल्या पडल्या पाहत होते. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला.

रेनाटा मात्र पांढरी पडली. "पट्टी नवी, आणि रेघ तीच?" तिने लॉरेनला खुर्चीवरून अक्षरशः ढकलले, कोड उघडले आणि ओळीओळीवर बोट फिरवू लागली. मग तिचे बोट थांबले.

"तुझा गुणाकार चुकलाय, लॉरेन! ओळींनी गुणतोयस तू, रकान्यांनी गुणायचं! ती रेघच तेवढी खरी आहे. बाकी सगळी बर्च लेन खोटी आहे!"

तिने एक शब्द बदलला. पुढचा नकाशा आला तेव्हा बर्च लेन या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी होती. ती फोनकडे धावली. एमिलने बऱ्याच वेळाने उचलला. "स्वयंपाकघरात गुडघाभर आहे," तो म्हणाला. "मी वर चाललोय."

त्याला वरच्या खिडकीतून होडीत उतरवून घेतले. जीव वाचला, घर वाचले नाही. भिंती फुगल्या, जमीन उखडली, आणि उन्हाळ्यात काउंटीने ते पाडून टाकले. लॉरेनने वरिष्ठांना काय सांगितले असेल? "जुनी मेमरी खराब होती, तिने घोळ घातला." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी टेबलावरून ड्रॉवरमध्ये गेले. पट्टीला कोण विचारतो!

बऱ्याच दिवसांनी कॉफीच्या वेळी रेनाटाने माझा ड्रॉवर उघडला. सगळे बसलेले होते. तिने मला उचलले, पाठीवरची चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि भिंतीवरच्या फोटोत लॉरेनच्या कपाळावर डकवली.

"एवढ्याशा गोष्टीचा किती राग धरशील?" लॉरेन म्हणाला. "तुझे बाबा सुखरूप आहेत की."

"आहेत. माझ्याकडेच राहतात. पाऊस लागला की बूट घालून दाराशी बसतात." तिने मला मुठीत घेतले. "निघू का, असं मला विचारत नाहीत आता."

 तिने मला परत ड्रॉवरमध्ये टाकले, माझ्याकडे न पाहता. तिच्याकडूनही मी याहून जास्त अपेक्षा केली नव्हती.

मित्रांनो, माझ्याकडून जागा घ्याल तेव्हा काम झाल्यावर ती परत द्या, आणि पत्ते हरवण्याआधी द्या. मला दया नको, धूळ पुसायलाही येऊ नका. कोणाच्या पाठीवर चिठ्ठी डकवायला हात उचललात, तर आधी स्वतःचा गुणाकार एकदा वाचून पाहा, कारण पलीकडे कोणीतरी गॅसवर सूप ठेवून तुमच्या नकाशावर विश्वास ठेवून बसलेला असतो. चिठ्ठी निघाली, पण तिचा डिंक माझ्या पाठीला अजून चिकटलेला आहे.