बर्चच्या सावलीतली खुर्ची

मिडसमरच्या सणाच्या जेवणाला सगळे अंगणात उन्हात बसले होते. उप्सालासारख्या थंड गावात उन्हाकडे पाठ फिरवतं कोण? फक्त इल्वाने आपली खुर्ची बर्चच्या झाडाच्या सावलीत ओढली, आणि तिच्या बापाचा, तूरेचा, घास तोंडातच राहिला. त्याची बायको गुनवोर लुपसने गेली, ऊन लागलं की चिघळणाऱ्या आजाराने. आजार लपवत होती तेव्हा तीही अशीच सावली धरायची आणि गांधीलमाश्यांचं निमित्त सांगायची.

"इल्वा, इकडे ये."

"असू दे बाबा, इथे बरं वाटतं."

"का, गांधीलमाश्या त्रास देतात?"

तूरेची बहीण हसली. "दादा, पोरीची काय पोलिसासारखी चौकशी करतोस!"

तो ताट घेऊन मुलीजवळ गेला. गालांवरच्या पावडरीखाली गुनवोरला उठायची तशीच लाल चट्ट्यांची लाली होती.

"खरं सांग."

इल्वाने काटा खाली ठेवला. "रक्तात इंटरफेरॉन वाढलंय. विषाणू शिरला की शरीर ज्या प्रथिनाने हाकाटी करतं, तेच. माझ्यात चोर नसतानाच हाकाटी चाललीय, आणि पहारेकरी घरच्यांनाच झोडपतायत."

"म्हणजे आईसारखंच."

"आईच्या वेळी ती हाकाटी अडवणारं औषध नव्हतं. मला सुरू झालंय."

"गुण येतो?"

"बऱ्याच जणांना येतो."

ती हसली, पण तूरेचा त्या हसण्यावर विश्वास बसला नाही. गुनवोरही अशीच हसायची. तो उठला आणि टेबलाचं एक टोक धरून ओढू लागला.

"आता हे काय?" बहीण ओरडली.

"दुसरं टोक धर. जेवण सावलीत."