लेकीनं टाकलेली खूण

कारभारींनी वेबसाइटच्या फाइलमधल्या एका ओळीपुढे हॅशची खूण टाकली, फाइल सेव्ह केली आणि हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत त्यांच्या पत्नी सविताबाई मुक्कामाच्या यात्रेकरूंसाठी पोहे परतत होत्या.

खूण टाकली की ती ओळ गप्प बसते आणि तिचं पान उघडत नाही, हे तृप्तीनंच शिकवलेलं. त्र्यंबकेश्वरातल्या त्यांच्या भाड्याच्या खोल्यांची वेबसाइट लेकीनं बनवली आणि एक छोटी स्क्रिप्टही लिहून ठेवली. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला की ती एकेक पान उघडून बघायची आणि एखादं सापडलं नाही तर तृप्तीला पुण्यात कळवायची. पुढे तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. "या घरात तुझा फोन नको," कारभारी रागाच्या भरात बोलून गेले. पोरगी बापाच्याच वळणाची. फोन आला नाही.

सातपूरच्या कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेल्या या माणसानं चालत्या यंत्रात कधी खोड काढली नव्हती. पण लेकीचा आवाज ऐकायला जीव कासावीस झाला होता, आणि आपण होऊन फोन करायला जीभ रेटत नव्हती.

त्यांनी तो शब्द टाइप केला.

'अण्णा, चहा घ्या. तोवर मी बघून येते,' तृप्तीनं स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेली नेहमीची ओळ उमटली. मग एकेक पान आलं. 'खोल्या: सापडत नाही, ४०४. जेवण: ठीक. पत्ता: ठीक. तृप्तीला कळवलं आहे.'

कारभारी फोन समोर ठेवून बसले. पुढ्यातले पोहे गार झाले.

"खोल्यांचं पान उघडंना म्हणे," सविताबाई बाहेर येत म्हणाल्या. "तुम्हीच काही केलंत ना?"

"मी कशाला करू?"

"मग फोनकडं काय बघत बसलाय?"

दुपारी त्यांनी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. 'खोल्या: ठीक.' लेकीनं तिकडूनच दुरुस्त केलं होतं, एक शब्द न बोलता. कारभारींचा चेहरा उतरला. ते पडदा बंद करणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली.

'जेवण: सापडत नाही, ४०४.'

सकाळी तर हे पान ठीक होतं. त्यांनी फाइल उघडली. खोल्यांच्या ओळीपुढची त्यांची खूण काढलेली होती. जेवणाच्या ओळीपुढे मात्र नवी खूण होती, आणि ती त्यांनी टाकलेली नव्हती.

एक बोट दाबलं असतं तर ती निघाली असती. कारभारींनी ते बोट मागे घेतलं, चष्मा पुसला आणि लेकीला फोन लावला. पहिली रिंग पुरी होण्याआधीच तिनं तो घेतला.

"तृप्ती," ते म्हणाले, "साइट बिघडली गं. मला काय जमंना."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"फाइल उघडा, अण्णा," ती म्हणाली. "मी आहे फोनवर. सावकाश सांगते."